नऊ नंबरचा पलंग

दुपारचे बारा वाजले आहेत. उटीच्या टेकडीवरच्या लॉर्ड्सवुड पॅलेस हॉटेलासमोरचे धुके नुकतेच बाजूला सरले आहे आणि थै महिन्याचे, ऐन हिवाळ्यातले पिवळे ऊन पोर्चच्या पांढऱ्या खांबांवर असे नेमके पडले आहे, की कुणी जाणत्या माणसाने वरून झोत सोडला असावा. सात पायऱ्या, त्यांवर लाल गालिचा, दोन्ही बाजूंना पितळी कुंड्या. वरच्या पायरीवर फेटेवाला दरवान. त्याच्या मिशा हॉटेलच्या माहितीपत्रकात खोल्यांच्या आधी छापल्या आहेत. एवढी सगळी मांडामांड झाल्यावर डावीकडून एक भाड्याची गाडी येते, थांबते आणि तिच्यातून मन्नारगुडीचे नवनीतकृष्णन उतरतात.

उतरतात ते अनवाणी.

चपला हातात होत्या. दरवानाला वाटले, पाहुण्याच्या चपलेचा अंगठा तुटला. तो मदतीला पुढे झाला, तर नवनीतकृष्णन यांनी त्याला हातानेच थोपवले, चपलांची जोडी मागून उतरणाऱ्या बायकोकडे दिली, पहिल्या पायरीला बोटे लावून ती डोळ्यांना लावली आणि जरीकाठी वेष्टी सावरत ते सात पायऱ्या असे चढले, जशी माणसे पळणीच्या मुरुगनचा डोंगर चढतात.

मागून कोमळवल्ली चढली. एका हातात चिंचेच्या भाताची पिशवी, दुसऱ्या हातात नवऱ्याच्या चपला, काखेत शाल. तिच्या स्वतःच्या चपला मात्र पायातच होत्या. वर पोहोचल्यावर नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. तिने त्या काढल्या नाहीत. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या देवाला तिने दिलेला हा बहुधा पहिलाच नकार होता.

देवाचे नाव वेट्रिसेल्वन. नवनीतकृष्णन बावीस वर्षांचे असताना त्याचा ‘पनिमलै राजकुमारन’ हा सिनेमा आला. माळ्याचा मुलगा खरा राजपुत्र निघतो, अशी गोष्ट. नवनीतकृष्णन यांनी तो एकसष्ट वेळा पाहिला. पहिले वीस खेळ आपण भक्तीने पाहिले, पुढचे एकेचाळीस कॉलरसाठी, असे ते सांगत. कारण शेवटच्या प्रसंगात नायक जो पांढरा सूट घालून जिना उतरतो, त्याच्या कॉलरची बेतणी त्यांना पडद्यावरून उचलायची होती. ती त्यांनी उचलली. मन्नारगुडीच्या गोपुरामागे ‘वेट्री टेलर्स’ची पाटी लागली आणि पुढची दहा-बारा वर्षे गावातला प्रत्येक नवरदेव त्याच सुटात बोहल्यावर चढला. त्या काळातले लग्नाचे फोटो एकापुढे एक लावले, तर गावातल्या सगळ्या मुली एकाच माणसाला दिल्या होत्या असे वाटते.

स्वतःच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, जागी वेट्रिसेल्वनचा फोटो छापायला दिला होता. भटजी अडून बसले. शेवटी दोघांच्यात तडजोड झाली: देव डावीकडे, नट उजवीकडे, आणि आकार दोघांचा सारखा. सासरे वारले तेव्हा जावईबापू हातातले काम संपवून तिसऱ्या दिवशी आले. वेट्रिसेल्वन वारला तेव्हा त्यांनी डोके भादरले, तेरा दिवस शिलाई मशिनच्या चाकाला हात लावला नाही आणि तेराव्याला गावजेवण घातले.

आणि पलंगाचे काय झाले, हे सांगायलाच हवे, कारण कोमळवल्ली जी टेकडी चढून आली ती त्यासाठीच. तिच्या वडिलांनी तिरुवारूरहून सागवानी पलंग दिला होता, उशाकडच्या फळीवर दोन पोपट कोरलेला. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात वेट्रिसेल्वन रसिक मंडळाला बाजारात एक खोली मिळाली. नायकाच्या मोठ्या फोटोला बसायला आसन नव्हते. अध्यक्ष नवनीतकृष्णन यांनी हात वर केला. पोंगलपर्यंतच, असे त्यांनी बायकोला सांगितले. पलंग हातगाडीवरून गेला. पोंगल आला, असे चौतीस पोंगल आले. फोटो अजून पलंगावर आहे आणि नवरा-बायको दुकानामागच्या खोलीत चटईवर. रोज पहाटे चटई गुंडाळायची आणि भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे कापडाचे तागे मांडायला जागा होते.

यंदा नवनीतकृष्णन साठ वर्षांचे झाले. तिरुक्कडैयूरच्या देवळात रीतीप्रमाणे पुन्हा लग्न लागले, पुन्हा मंगळसूत्र बांधले गेले. मुलगा सेंदिलनाथन सिंगापूरहून आला होता. त्याने आईला बाजूला घेऊन विचारले, तुला काय हवं, सोनं की साडी. ती म्हणाली, सकाळी गुंडाळून ठेवावा लागत नाही अशा बिछान्यावर मला एकदा झोपायचंय, आणि तुझ्या वडलांनी शेजारी झोपायचं, मशिनवर डोकं टेकून नाही.

मुलगा शेवटी बापाचाच. त्याला वाटले, आपण असे काही शोधून काढू की आई आणि वडील दोघेही खूश. त्याने लॉर्ड्सवुडच्या नऊ नंबरच्या खोलीत दोन रात्रींची सोय केली.

खोलीच्या दारावर पितळेची पाटी होती. ‘पनिमलै राजकुमारन’ या चित्रपटातील अमर प्रसंग या खोलीत चित्रित झाला, असे तमिळ आणि इंग्रजी दोन्हींत कोरलेले. नवनीतकृष्णन पाटीसमोर किती वेळ उभे राहिले, कुणास ठाऊक. सामान आणणारा माणूस एकदा खोकला, दुसऱ्यांदा खोकला, मग निघून गेला.

कोमळवल्ली त्यांना वळसा घालून आत गेली आणि तिने पलंग पाहिला. चार खांबांचा, गुडघ्याएवढ्या उंच गादीचा. चादर अशी ताणलेली की तिच्यावर रुपया टाकला असता तर उडाला असता. सहा उशा. दोन माणसांना सहा उशा कशाला, हे तिला समजले नाही, पण जे समजले नाही तेच जास्त आवडले. तिने पिशवी खाली ठेवली, शाल खुर्चीवर टाकली आणि कमरेवर एक हात ठेवून ती बसायला वळली.

“कोमळम, थांब.”

विस्तवाकडे रांगणाऱ्या मुलाला थांबवावे, तसा आवाज होता. ती अर्धी वाकलेली तशीच राहिली.

“तिथे ते बसले होते,” नवनीतकृष्णन म्हणाले.

तो प्रसंग मन्नारगुडीत शेंबड्या पोराला पाठ आहे. मालक माळ्याच्या मुलाला म्हणतो, तुझी जागा बागेत, या खोलीत तू पाय ठेवलास तरी कसा. नायक काही बोलत नाही. सावकाश चालत जातो, मालकाच्या पांढऱ्या बिछान्यावर बसतो, पायावर पाय टाकतो, आणि म्हणतो: ‘पलंगाला जात कळत नाही. त्याला फक्त पाठ कळते.’ या वाक्यावर लोक पडद्यावर नाणी फेकत. वाक्य संपायच्या आत शिट्ट्या सुरू होत, त्यामुळे शेवटचे दोन शब्द पहिल्या महिन्यात कुणाला ऐकूच आले नव्हते.

कोमळवल्लीला ते शब्द घरात इतक्यांदा ऐकू आले होते, की झोपेतही तिची चूक झाली नसती. ती सरळ उभी राहिली.

“अहो, तुमचे साहेबच म्हणून गेलेत ना, पलंगाला फक्त पाठ कळते? मग मला पाठ नाही का? चौतीस वर्षं चटईवर टेकून टेकून नुसती पाठच उरलीय माझी.”

नवनीतकृष्णन यांनी तिच्याकडे दयेने पाहिले. “ते वाक्य त्यांचं आहे. म्हणायचं त्यांनी. आपण ऐकायचं.”

मग ते कामाला लागले. गळ्यातला फीत-टेप काढून त्यांनी पलंगाची लांबी घेतली, रुंदी घेतली, खांबांची जाडी घेतली, सगळे वहीत लिहिले. मंडळाच्या खोलीत असाच प्रसंग उभा करायचा त्यांचा बेत होता. खिडकीशी गेले आणि थबकले. सिनेमात नायक चार झडपा उघडतो. इथे तीन होत्या. थोडा विचार करून ते म्हणाले की चौथी पुढे बुजवली असणार, पावसाचं पाणी येत असेल. सिनेमात पलंगाच्या मागे हरणाचे शिंग होते. इथे आरसा होता. शिंग विकून खाल्लं असेल, हॉटेलवाले काय, काहीही विकतात. सिनेमात दारातून शिरल्यावर पलंग डावीकडे, इथे उजवीकडे. हे मात्र जड गेले. ते दोनदा बाहेर जाऊन आत आले, एकदा पाठमोरे आले. शेवटी म्हणाले, भिंगातून बघितलं की उलटंच दिसतं.

कोमळवल्ली खिडकीतल्या खुर्चीवर बसून चकली खात हे पाहत होती. तिला शिंपीकाम येत नव्हते, पण नवऱ्याच्या गिऱ्हाइकांच्या पोटाचा घेर वाढला की ते टेपला दोष देत, हे तिने पाहिले होते.

मग पिशवीतून हार निघाला. कोइंबतूरला गाडी थांबवून घेतलेला, जाईचा, मध्ये लाल कण्हेर. तो उशांवर चढला. उदबत्ती लागली. आणि मग, दारावरच्या पाटीला नमस्कार करून, नवनीतकृष्णन यांनी तबकडीत कापूर पेटवला आणि पलंगाला ओवाळायला सुरुवात केली. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीला छतातले एक पांढरे यंत्र असे किंचाळू लागले की खालच्या मजल्यावरचे जेवणारे ताट सोडून लॉनवर धावले.

व्यवस्थापकाने अशा वेळी पाठवायचा माणूस ठरलेला होता. मारिमुत्तु नाव. अठ्ठावन्न वर्षांचा, काटकुळा, हॉटेलच्या लाल कोटात दोन मारिमुत्तु मावले असते. त्याने स्टुलावर चढून यंत्र गप्प केले, खिडकी उघडली, कापूर फुंकून नाही तर तबकडी उपडी करून विझवला. फुंकून विझवत नाहीत हे जाणणारा माणूस बघून नवनीतकृष्णन यांचा राग गेला. त्यांनी त्यालाही अंगारा लावला.

मारिमुत्तु जायला निघाला तेव्हा त्यांनी आणखी एक विनंती केली: बादली आणि तांब्या. आंघोळीचा तो मोठा पांढरा टब होता, सगळं होतं, पण त्यात ते उतरले असतील, तिथे आपण कसं उतरायचं.  मारिमुत्तु खाली जाऊन माळ्याच्या खोपटातून बादली घेऊन आला.

त्या रात्री तमिळनाडूतल्या महागातल्या महाग खोल्यांपैकी एका खोलीत दोन माणसे जमिनीवर झोपली. नवनीतकृष्णन यांनी प्रवासात सोबत असावी म्हणून घरची चटई आणलीच होती. उटीची थंडी गालिच्याखालून वर येत होती. पलंगावर सहा उशा आणि एक हार आरामात होते. कोमळवल्लीने एक उशी मागितली. मिळाली नाही.

सकाळी नवनीतकृष्णन ताजेतवाने उठले, चटई गुंडाळून भिंतीला टेकवली आणि न्याहारीला निघताना पिशवीतून स्वतः शिवलेला पांढरा सूट काढला. त्यांना जिना उतरायचा होता. जिना होता, रुंद, लाकडी, कठड्याला वेलबुट्टी. फक्त सिनेमात तो खाली येताना डावीकडे वळतो आणि हा उजवीकडे वळत होता. या वेळी त्यांनी कारणही शोधले नाही. जिन्याच्या टोकाशी उभे राहिले, डावा हात खिशात घातला, हनुवटी वर केली आणि उतरू लागले. साठ वर्षांचे पोट कोटाच्या दोन गुंड्यांवर भार टाकत होते. खाली दिल्लीचे एक नवे जोडपे नाश्ता करत होते. त्यांनी लगेच फोन वर केले. मधल्या वळणावर नवनीतकृष्णन थांबले आणि नायकाचे शेवटचे भाषण म्हणाले, सबंध, एक अक्षर न चुकता. दिल्लीच्या जोडप्याला तमिळ येत नव्हते, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या. नवनीतकृष्णन यांनी त्यांच्या टाळ्या वेट्रिसेल्वनच्या वतीने स्वीकारल्या आणि त्यांच्याच टेबलावर बसून, हातवाऱ्यांच्या भाषेत, सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली.

कोमळवल्ली आपला कॉफीचा पेला घेऊन मागच्या व्हरांड्यात गेली. तिथे मारिमुत्तु धुतलेल्या चादरींच्या घड्या मोजून कपाटात लावत होता. ती एका हाताने कंबर दाबत बसली, हे त्याने पाहिले.

“काय झालं अम्मा, गादी मऊ पडली का फार? डोंगराखालच्या लोकांना सोसत नाही.”

“गादी कशी आहे ते गादीला विचारा,” ती म्हणाली. “आम्ही खाली झोपलो.”

मारिमुत्तुला हसू आले. मग ते अर्ध्यावर थांबले. त्याने हातातली चादर ठेवली आणि विचारले, दोघंही? ती म्हणाली, दोघंही. का म्हणून? तेव्हा तिने सांगितले. पोपटांच्या पलंगापासून सांगितले, कारण त्याशिवाय त्याला ते कळले नसते. सांगताना तिचा आवाज चढला नाही. बाजारातल्या दुसऱ्या कुणा बाईची गोष्ट सांगावी, तशी ती सांगत होती.

 त्या खोलीत मारिमुत्तुने नाना तऱ्हेचे लोक पाहिले होते. बूट घालून पलंगावर नाचणारे, पायावर पाय टाकून फोटो काढणारे, उशीचा अभ्रा चोरून नेणारे. खाली झोपणारे पहिलेच.

“अम्मा,” तो म्हणाला, “मला आता चित्रै महिन्यात निवृत्ती आहे. नोकरी गेली तरी दोन महिन्यांची जाईल. वेट्रिसेल्वन इथं झोपले नव्हते.”

मग त्याने सांगितले. तो इथल्याच माळ्याचा मुलगा. शूटिंग झाले तेव्हा वीस वर्षांचा होता. सिनेमावाले सहा दिवस होते. पोर्च घेतला, लॉन घेतला, बाहेरच्या पायऱ्या घेतल्या. आत दिवे न्यायला तेव्हाच्या मालकिणीने परवानगीच दिली नाही, वायरी जुन्या होत्या. वेट्रिसेल्वन उतरले होते पलीकडच्या चहामळेवाल्याच्या बंगल्यात. आतला जिना, ती खोली, तो पलंग, हे सगळे चेन्नैला स्टुडिओत उभे केले होते. प्लायवूडच्या भिंती आणि वर रंग. “ते एकदा आत आले होते, हे खरं आहे. थंडी फार होती. लघवीला आले होते. तळमजल्यावर.”

“आणि पाटी?”

पाटी नव्या मालकांनी दहा वर्षांपूर्वी केली. ती खिळ्यावर नुसती अडकवलेली असते. नऊ नंबर दुसऱ्या कुणाला गेली असली आणि एखाद्या भक्ताने खोली मागितली, तर मारिमुत्तु पाटी काढून बारा नंबरवर लावतो. लग्नसराईत ती चौदा नंबरलाही जाते. “अडतीस वर्षं मी त्या खोल्यांतल्या चादरी घालतोय,” तो म्हणाला. “मीसुद्धा बसलो नाही कधी. पण माझं कारण वेगळं. मला नोकरी घालवायची नव्हती.”

कोमळवल्ली कॉफी संपेपर्यंत तिथेच बसली. या क्षणाची तिने वाट पाहिली नव्हती, असे म्हणता येणार नाही. स्वयंपाक करताना, चटई उलगडताना, तिने मनातल्या मनात कितीदा तरी त्या माणसाला फोटोतून खाली खेचले होते. आता दोरी हातात आली होती. पण तिला ते तेरा दिवस आठवले. हात मांडीवर ठेवून बंद मशिनसमोर बसलेला, जेवायला हाक मारली तर ऐकू न येणारा माणूस आठवला. वडील गेले तेव्हा हा असा बसला असता, तर तिने त्याला काय काय माफ केले असते. हेही तिला तेव्हाच आठवले. आणि तेवढ्यात कमरेतून एक कळ अशी निघाली, की दयामाया सगळी बाजूला झाली. ती उठली. मारिमुत्तुला म्हणाली, तुम्ही चला माझ्याबरोबर, माझ्या एकटीच्या सांगण्याने त्यांचा विश्वास बसायचा नाही.

खोलीत नवनीतकृष्णन पांढऱ्या सुटातच गालिच्यावर मांडी घालून मंडळाच्या चिटणिसाशी फोनवर बोलत होते. उशांना अजून साहेबांच्या केसांच्या तेलाचा वास येतो, असे ते सांगत होते. पलीकडून चिटणीस बहुधा रडत होता, कारण यांनी त्याला धीर दिला.

कोमळवल्लीने फोन ठेवायला सांगितले. मग तिने उभ्या उभ्या सगळे सांगितले, न थांबता, मारिमुत्तुच्याच शब्दांत. लघवीचेही सांगितले.

नवनीतकृष्णन हसत उठून उभे राहिले. त्यांनी मारिमुत्तुला समजावले की बाबा, त्यावेळी तू लहान होतास, मोठ्या माणसांचं येणंजाणं पोराटोरांना कळत नाही. खिडकीची चौथी झडप बुजवली आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. मारिमुत्तुने वाद घातला नाही. तो दाराशी गेला, पाटी खिळ्यावरून उचलली आणि उलटी करून नवनीतकृष्णन यांच्या हातात दिली. मागच्या बाजूला पेन्सिलने, एकाखाली एक, आकडे होते. नऊ, बारा, नऊ, चौदा, सात, नऊ. प्रत्येकासमोर तारीख.

“अय्या,” तो हळू म्हणाला, “पुढच्या शुक्रवारी ही बारावर जाणार आहे. सेलमचं जोडपं येतंय.”

नवनीतकृष्णन आकडे वाचत राहिले. माप घेणाऱ्या माणसाला आकड्यांशी भांडता येत नाही. अशा वेळी आतून कुणीतरी पुढचे वाक्य पुरवावे लागते, आणि एकसष्ट खेळांत तसे वाक्य नव्हते. पाटी हातात धरूनच ते मागे सरकले. मागे जे होते त्यावर ते बसले.

मागे पलंग होता.

गादी त्यांच्या भाराने खाली गेली. हार घसरून गालिच्यावर पडला. ते उठले नाहीत. आपण कुठे बसलो आहोत, हे त्यांना कळले होते की नाही, कोमळवल्लीला सांगता आले नसते, आणि तिने विचारलेही नाही. तिने मारिमुत्तुला खूण केली. तो पाटी घेऊन बाहेर गेला आणि दार लावून घेतले. बाहेर ती पुन्हा खिळ्यावर अडकवल्याचा आवाज आला.

बाहेर ऊन चांगले वर आले होते. कोमळवल्लीने पडदे ओढले. नवऱ्याच्या अंगातला पांढरा कोट काढून खुर्चीवर घातला. शिवण उसवली होती, काखेत, ते दोघांनीही पाहिले. मग ती पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, चपला काढल्या, त्या जोडीने नीट लावल्या, आणि आडवी झाली. पाठ टेकली तेव्हा तिच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंकार म्हणावा की कण्हणे, पण तसा आवाज नवनीतकृष्णन यांनी चौतीस वर्षांत ऐकला नव्हता. सहांपैकी तीन उशा तिने आपल्याकडे ओढल्या. एक डोक्याखाली, एक गुडघ्यांखाली, एक नुसतीच मिठीत. उरलेल्या त्यांच्या बाजूला सारल्या.

थोड्या वेळाने तेही मागे कलंडले. आधी कोपरावर, मग पूर्ण. दोघे छताकडे बघत पडून राहिले. वरच्या पांढऱ्या यंत्रात एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

ती म्हणाली, मऊ आहे. ते म्हणाले, हं. ती म्हणाली, मला अजून अर्धा दिवस आणि एक रात्र इथून उठायचं नाहीये, जेवण इथेच मागवा. ते म्हणाले, हं. हे सगळे त्यांनी इतक्या मुकाट्याने कबूल केले की तिला एकदम भीती वाटली. तिने मान वळवून पाहिले. डोळे उघडे होते, ओलेही होते. तिला वाटले, आपण फार मोठ्या घराला हात लावला, आता हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही. तिने हात पुढे करून त्यांच्या मनगटावर ठेवला. नाडी चालत होती, जरा जलदच चालत होती. असे मनगट तिला ठाऊक होते. लग्नसराईत नवे कापड दुकानात आले की ते असे चालायचे.

तिने हात काढून घेतला, उशी छातीशी ओढली आणि डोळे मिटले. आता काहीही विचारलं तरी आपण झोपलो आहोत, असे तिने ठरवले. कुशीवर वळता वळता तिला झोप लागतही होती, इतक्यात शेजारून अगदी हळू, लहान मुलाने देवळाबाहेर विचारावे तसा आवाज आला.

“कोमळम, चेन्नैचं ते प्लायवूड आता कुणाकडे असेल गं?”